छोट्या क्लबमधली इंडी रॉकची रात्र : पुण्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्यात गाणे ऐकायला कसे जावे, हे सहसा कोणाला शिकवावे लागत नाही. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाताना शाल बरोबर घ्यावी, भारतीय बैठकीत जागा धरायची तर लवकर निघावे आणि विलंबित चालू असताना शेजाऱ्याशी बोलू नये, हे घरातल्या मोठ्यांकडूनच कानावर पडते. शे-दीडशे माणसांच्या क्लबमध्ये रात्री उभ्याने ऐकायच्या रॉकच्या कार्यक्रमाबद्दल मात्र अशी घरगुती माहिती कोणाकडेच नसते. त्यामुळे पहिल्यांदा जाणारे बरेच जण उशिरा पोहोचतात, मिळेल त्या कोपऱ्यात उभे राहतात, गायकाचा एकही शब्द न कळता कान बधिर करून घेतात आणि ‘नुसता गोंगाट होता’ असे सांगत परततात. त्यातला निदान निम्मा गोंगाट बँडचा नसतो, तो ऐकणाऱ्याच्या वेळेचा आणि जागेचा असतो. पुढील मार्गदर्शनात म्हणूनच कपडे, तिकीट, बार यांबद्दल जरुरीपुरतेच लिहिले आहे आणि कधी पोहोचावे, कुठे उभे राहावे व कान कसे जपावेत यांवर अधिक भर दिला आहे.

रात्र निवडणे

ज्या संगीताला आपल्याकडे इंडी म्हटले जाते, ते चित्रपटासाठी न लिहिलेले, बँडने स्वतः रचलेले आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच पैशांनी ध्वनिमुद्रित केलेले संगीत असते. मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, त्या काळात देशातले बहुसंख्य बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवण्यात धन्यता मानत असत. स्वतःची गाणी ऐकायला लोक तिकीट काढून येतील, हा विश्वास हळूहळू आला. पुण्यापुरते बोलायचे तर २०१० साली कोरेगाव पार्कात भरलेल्या पहिल्या ‘एनएच७ वीकेंडर’ या संगीत महोत्सवाने तो पुष्कळ पक्का केला. ‘अग्नी’ हा हिंदीत गाणारा बँड पुण्यातलाच, आणि इंग्रजीत गाणारा, तुलनेने मृदू वळणाचा ‘ईझी वाँडरलिंग्ज’ हाही इथलाच. कार्यक्रम निवडताना भाषेची धास्ती घेऊ नये. एकाच रात्री हिंदी आणि इंग्रजी गाणी एकामागून एक ऐकायला मिळणे इथे नेहमीचे आहे, आणि बास गिटार व ड्रम्सच्या साथीने अभंग गाणारे ‘अभंग रिपोस्ट’सारखे मराठी बँडही आता चांगलेच परिचित झाले आहेत.

क्लबांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण पुण्यात अशा जागा जितक्या झपाट्याने उघडतात तितक्याच झपाट्याने बंद होतात किंवा लाइव्ह संगीत सोडून डीजेकडे वळतात. परिसर मात्र फारसे बदललेले नाहीत. कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर, विमाननगर आणि पश्चिमेला बाणेर-बालेवाडी या पट्ट्यात शोध घेतला तर एखाद्या शुक्रवारी किंवा शनिवारी काहीतरी सापडतेच. तरीही जागेच्या मागे लागण्यापेक्षा आवडलेल्या बँडला इन्स्टाग्रामवर फॉलो करणे अधिक उपयोगाचे, कारण गिग, म्हणजे बँडचा कार्यक्रम, कुठेही असली तरी तिची बातमी सर्वांत आधी बँडच देतो.

पोस्टर वाचण्याचीही एक रीत आहे. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत ज्याचे नाव असते तो मुख्य बँड सर्वांत शेवटी वाजवतो आणि खाली बारीक अक्षरांतला बँड सर्वांत आधी. ‘ट्रिब्यूट नाइट’ असे लिहिले असेल तर ती एखाद्या गाजलेल्या बँडच्या गाण्यांची रात्र समजावी. ती वाईट नसते, पण ती इंडीची रात्र नव्हे. ‘डोअर्स’ म्हणून दिलेली वेळ दार उघडण्याची असते, संगीत सुरू होण्याची नसते, आणि या दोहोंत तासाभराचे अंतर सहज पडते. गच्चीवरच्या किंवा उघड्या आवारातल्या कार्यक्रमांना मात्र ही ढिलाई परवडत नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, त्यामुळे तिथला मुख्य बँड साडेआठलाच उभा राहिलेला दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये. बंदिस्त सभागृहांना त्या नियमांत सवलत आहे. म्हणून निघण्यापूर्वी कार्यक्रम आत आहे की बाहेर, एवढे जरूर पाहावे.

तिकीट बुकमायशो, डिस्ट्रिक्ट किंवा स्किलबॉक्स अशा ऑनलाइन ठिकाणी मिळते. तिकिटाऐवजी ‘कव्हर चार्ज’, म्हणजे दारात घेतली जाणारी प्रवेशाची रक्कम, असेल तर त्यातली किती रक्कम खाण्यापिण्यातून वळती होणार, हे दारातच विचारून घ्यावे. बँडमधल्या कोणाची ओळख असली, तरी पहिल्या भेटीतच ‘गेस्टलिस्टवर नाव टाक’ अशी गळ घालू नये. लहान गिगमध्ये बँडचा मोबदला पुष्कळदा दाराशी जमणाऱ्या पैशांवर अवलंबून असतो आणि फुकट आत आलेला प्रत्येक स्नेही त्या रकमेतून वजा होतो.

निघण्यापूर्वी

ज्या बँडला ऐकायचे आहे त्याची दोन-तीन गाणी आधी ऐकून जावे, सबंध अल्बम पाठ करण्याची गरज नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाण्याचे शब्द निम्मेच कानी पडतात, आणि चाल आधी ओळखीची असेल तर उरलेले निम्मे मन भरून काढते. अगदीच अनोळखी गाण्यात माणूस शब्द शोधत राहतो आणि तेवढ्यात गाणे संपलेले असते.

छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि त्याहून कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे पुष्कळ क्लब २१ वर्षांखालील व्यक्तींना संध्याकाळनंतर आतच घेत नाहीत, मग ती व्यक्ती फक्त लिंबू सरबत पिणार असली तरीही. वय कमी असेल तर तिकीट काढण्यापूर्वी वयाची अट वाचावी. काही कॅफे सर्व वयोगटांसाठी दुपारचे किंवा संध्याकाळचे कार्यक्रम ठेवतात, त्यांचा शोध घ्यावा.

कपड्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. काळाच टी-शर्ट हवा असा काही नियम नाही. सरळ ऑफिसातून इस्त्रीच्या शर्टात आलेली माणसेही पुढच्या रांगेत मान हलवताना दिसतात. बुटांबद्दल मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. तीन तास उभे राहायचे आहे, अंधारात कोणाचा तरी पाय आपल्या पायावर पडणार आहे आणि जमिनीवर काहीतरी सांडलेले असणार आहे, तेव्हा बोटे झाकणारे सपाट बूट घालावेत आणि कोल्हापुरी चपला दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवाव्यात. पाठीवरची मोठी बॅग आणू नये. दुचाकीवरून येणाऱ्यांपुढे हेल्मेटचे काय करायचे, हा खास पुणेरी प्रश्न उभा राहतो. ते हातात धरून गर्दीत उभे राहण्यापेक्षा गाडीच्या हुकाला कुलूप लावून अडकवून यावे, कारण टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे असलेले बरे.

आणि इअरप्लग. औषधांच्या दुकानात फोमच्या इअरप्लगची जोडी अगदी थोड्या पैशांत मिळते. ती खिशात टाकूनच घराबाहेर पडावे. कारणे पुढे दिली आहेत.

लवकर पोहोचण्याचा लाभ

पहिला बँड सुरू होण्यापूर्वी पोहोचावे, हा या मार्गदर्शनातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो. पुण्यात मुख्य बँडच्या वेळेला हिशेबाने येण्याची रूढी पडली आहे. त्यामुळे पहिला बँड तीस-चाळीस मिनिटांचा आपला सेट वेटर आणि स्वतःच्या मित्रमंडळींसमोर वाजवून मोकळा होतो. त्याच्यावरील अन्यायाचा भाग क्षणभर बाजूला ठेवू, पण लवकर येण्यात नवख्या श्रोत्याचा स्वतःचाही सरळ फायदा आहे. खोली रिकामी असताना हवी ती जागा मिळते, कानाला आवाजाची हळूहळू सवय होते आणि वाद्ये नेमकी काय करतात, हे जवळून पाहता येते.

विशेषतः दोन बँडांच्या मधला बदलाबदलीचा काळ बारकाईने पाहण्यासारखा असतो. लोक त्या पंधरा-वीस मिनिटांत बारकडे किंवा बाहेर जातात, तुम्ही तिथेच थांबावे. ड्रम्सचा सांगाडा सहसा सर्व बँडांसाठी एकच असतो, पण प्रत्येक ड्रमर आपले स्नेअर (करकरीत आवाजाचा लहान ड्रम), झांजा आणि पायाचे पेडल घेऊन येतो. खालच्या सतरंजीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणांवरून स्टँड जागच्या जागी सरकवले जातात आणि आसनाची उंची दोन बोटे वर की खाली, यावर ड्रमर चांगला वेळ घालवतो. गिटारवादक गुडघे टेकून गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी उघडतो. तिच्यावर लहान डब्यांसारखी पाच-सात पेडले एकमेकांना आखूड वायरींनी जोडलेली असतात आणि त्यांतले एखादे बंद पडलेले असले, तर सगळा बँड वाकून त्याच वायरींकडे पाहत बसतो. गायक हाताने लिहिलेला सेटलिस्टचा, म्हणजे गाण्यांच्या क्रमाचा, कागद मॉनिटरच्या (बँडला स्वतःचे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरच्या) बाजूला चिकटवतो. मग साउंड इंजिनिअर एकेक वाद्य मागतो. आधी पायाचा ड्रम, मग स्नेअर, बास, गिटार आणि शेवटी गाता आवाज. हीच ‘लाइन चेक’. हे एकदा नीट ऐकले की कोणता आवाज कोणत्या वाद्याचा, हे कानात बसते आणि थोड्या वेळाने सगळे एकत्र वाजू लागल्यावर तो आवाज गर्दीतून वेगळा काढता येतो.

या वेळी गायक इंजिनिअरकडे पाहून बोट वर करताना दिसेल. नवखे लोक ते प्रेक्षकांना केलेले आवाहन समजून ओरडतात. वास्तविक तो आपल्या पायापाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज वाढवून मागत असतो. मंचावर ड्रम्सच्या शेजारी उभे राहिल्यावर स्वतःचेच गाणे ऐकू येत नाही, आणि मॉनिटरमध्ये ते ऐकू आले नाही तर सुरात राहणे अवघड होते. मात्र मॉनिटर फार वाढवला की त्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये जातो आणि कानठळ्या बसवणारी शीळ घुमू लागते. तिला फीडबॅक म्हणतात. ती ऐकू आली की इंजिनिअरकडे रागाने पाहण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. त्याचे त्याला कळलेले असते.

कुठे उभे राहावे

मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात सगळी वाद्ये मायक्रोफोनवाटे मुख्य स्पीकरांतून येतात, त्यामुळे कुठेही उभे राहिले तरी निदान सर्व काही ऐकू येते. छोट्या क्लबचा व्यवहार निराळा असतो. ड्रम्सना विजेची गरजच नसते आणि बंद खोलीत ते स्वतःच्या बळावर सर्वांना पुरून उरतात. गिटारचा आवाज मंचावरच्या तिच्या अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, थेट समोर येतो. गाता आवाज मात्र फक्त मंचाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या किंवा खांबांवर ठेवलेल्या स्पीकरांतूनच येतो. मंचाला अगदी खेटून मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर ड्रम्स आणि गिटार आदळतात, पण स्पीकरांचा रोख त्याच्या डोक्यावरून किंवा बाजूने मागे गेलेला असल्यामुळे गाणे त्याच्या वाट्याला येत नाही. पहिल्या रांगेत गायकाचा घाम दिसतो, शब्द कळत नाहीत. ‘गोंगाट होता’ ही तक्रार बव्हंशी याच रांगेतून येते.

यावर सोपा उपाय असा, की आत शिरताच मिक्सर, म्हणजे सगळ्या आवाजांचे प्रमाण जुळवणारे इंजिनिअरचे यंत्र, कुठे आहे ते पाहावे. इंजिनिअर जिथे उभा राहून ऐकतो, तिथे त्याला जे चांगले वाटते त्याच बेताने तो आवाजांचे प्रमाण ठरवत असतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात चार-पाच पावलांवर उभे राहिलेल्याला रात्रीतले सर्वांत तोललेले संगीत मिळते. काही क्लबांत मिक्सर जागेअभावी कोपऱ्यात किंवा बारच्या मागे कोंबलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. तसे असेल तर दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर आहे, साधारण तेवढेच मागे आणि मधोमध उभे राहावे. अलीकडे इंजिनिअर हातात टॅब घेऊन खोलीभर हिंडत मिक्स करतात. असा इंजिनिअर दिसला तर त्याला वाट द्यावी आणि तो कुठे सर्वांत जास्त वेळ थांबतो, याकडे लक्ष ठेवावे.

भिंतीला टेकणे सोयीचे वाटते, पण तिथे बास अकारण फुगतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि हवेत त्याच्या एका लहरीची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक भरते, म्हणजे जवळपास त्या खोलीएवढीच. इतकी लांब लहर भिंतींवरून उलटते, पुढून येणाऱ्या लहरीत मिसळते आणि काही ठिकाणी दुप्पट होते तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. भिंती आणि कोपरे ही दुप्पट होण्याची ठिकाणे. म्हणून बास छातीत गुरगुरत असेल आणि बाकी काही कळत नसेल, तर बँडला दोष देण्याआधी दोन पावले आत सरकून पाहावे. तेवढ्यानेही गाणे बदलल्याचा भास होतो. तार सप्तकातल्या स्वरांचे याच्या उलट असते. ते सरळ रेषेत जातात आणि पुढे उभ्या असलेल्या उंच माणसाच्या पाठीत जिरतात. खोली माणसांनी भरली की आवाज बोथट होतो तो यामुळेच, आणि इंजिनिअर पहिल्या दोन-तीन गाण्यांत सारखा धडपडताना दिसतो तोही यामुळेच. तेवढी गाणी त्याला द्यावीत आणि मगच मत बनवावे.

एकदा जागा सापडली म्हणून रात्रभर तिला चिकटून राहणेही योग्य नाही. शेवटची दोन गाणी पुढे जाऊन ऐकावीत. शब्द हरवतील, पण ड्रमरचा हात आणि झांज यांच्यामधले अंतर इतक्या जवळून दिसेल अशी सोय मोठ्या मैदानावर कितीही महाग तिकीट काढले तरी मिळत नाही.

कान

रॉक मोठ्यानेच ऐकायचा असतो, असे म्हणून हा विषय उडवून लावणारे लोक भेटतील. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. छोट्या खोलीत ड्रम्सचा आवाज कमी करण्याचे कोणतेही बटण नसते. त्यांच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून गाता आवाज वाढवावा लागतो, त्याच्या जोडीला राहण्यासाठी गिटार वाढते आणि बघता बघता खोलीतली पातळी शंभर डेसिबलच्या आसपास जाते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण कानाला कारणांशी देणेघेणे नसते.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुसह्य मानते, आणि पातळी दर ३ डेसिबलनी वाढली की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने ८८ डेसिबलला ४ तास, ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी जे मानक दिले, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. कार्यक्रम तीन तासांचा असतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे इथे धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही.

फोमचे इअरप्लग बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने घालतात आणि मग ‘काही फरक पडत नाही’ म्हणून काढून टाकतात. प्लग बोटांत वळून शक्य तितका बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा म्हणजे कानाची नळी सरळ होते, मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. आरशात समोरून पाहिल्यावर तो बाहेर आलेला दिसत असेल, तर तो नीट बसलेला नाही. अत्तराचा फाया ठेवावा तसा कापसाचा बोळा कानात ठेवून येणारेही काही आहेत, पण कापूस हा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत सोडतो. फोमची उणीव अशी, की तो वरच्या पट्टीतले स्वर अधिक खातो आणि संगीत गोधडीतून आल्यासारखे वाटू लागते. महिन्यातून एक-दोनदा जाण्याची सवय लागली, तर संगीतकार वापरतात ते फिल्टर असलेले इअरप्लग घ्यावेत. ते सर्व स्वर साधारण सारखेच खाली आणतात आणि पुष्कळदा त्यांच्यातून शब्द उघड्या कानांपेक्षा स्पष्ट कळतात. महाग वाटले, तरी वर्षानुवर्षे टिकतात.

अधूनमधून दहा मिनिटे बाहेर जाऊन यावे. लहान मुलाला बरोबर आणायचे असेल तर इअरप्लगवर न भागवता डोक्यावरून घालायचे कान झाकणारे मफ आणावेत, आणि मुळात क्लबची रात्र त्याच्यासाठी आहे का, याचा विचार करावा.

रीतभात

मृदू गाणे सुरू असताना बोलू नये. मोठ्या गाण्यात बोलले तर कोणाला कळत नाही, पण एकटी गिटार वाजत असताना मागच्या टेबलावरची फ्लॅटच्या किमतींची चर्चा थेट मंचापर्यंत पोहोचते. फोनवर एखाद्या गाण्याचा तुकडा टिपायला हरकत नाही, बँडलाही तो हवाच असतो. सबंध सेट हात उंच धरून टिपू नये, कारण मागच्या माणसाने तुमचा फोन पाहण्याचे तिकीट काढलेले नाही. फ्लॅश कधीच वापरू नये.

संगीत नाटकांच्या काळापासून आपल्याला ‘वन्स मोअर’ची सवय आहे. आवडलेले पद तिथल्या तिथे पुन्हा म्हणवून घेणे हा मराठी प्रेक्षकाचा जुना हक्क मानला जाई आणि नटही तो राजीखुशीने मान्य करीत. रॉकच्या सेटमध्ये गाण्यांचा क्रम, गिटारचे ट्यूनिंग आणि दिलेली मिनिटे आधीच बांधलेली असतात, म्हणून मध्येच त्याच गाण्याचा आग्रह धरल्यास गायक हसून पुढे जातो. मागणी करायची ती शेवटचे गाणे संपल्यावर करावी. बँड मंचावरून उतरला तरी सेटलिस्टच्या तळाशी पुष्कळदा आणखी एक गाणे लिहिलेले असते आणि तुमच्या ओरडण्याचीच वाट पाहिली जात असते. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवादक पायाकडे पाहत गप्प उभा असेल, तर तो रुसलेला नसतो. उष्म्याने तारा उतरलेल्या असतात आणि पायाशी असलेल्या ट्यूनरच्या दिव्याकडे पाहून तो त्या सुरात आणत असतो. अशा वेळी ‘बॉलिवूड लावा’ असे ओरडणारा एक तरी महाभाग असतो. तो तुम्ही असू नये, इतकेच.

जड गाण्यात पुढे धक्काबुक्कीचे रिंगण तयार झाले, तर त्यात जाण्याची सक्ती नसते, बाजूला सरकल्यावर कोणी ओढत नाही. रिंगणात कोणी पडले तर आजूबाजूच्यांनी त्याला लगेच उचलायचे, हा त्यातला पहिला नियम आहे. धक्का लागणे आणि मुद्दाम अंगचटीला येणे यांतला फरक करणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला, दोघांनाही कळतो. तसे काही घडल्यास संकोच न करता जवळच्या कर्मचाऱ्याला किंवा मिक्सरवरच्या माणसाला सांगावे आणि वेळ पडल्यास ११२ क्रमांक लावावा. गाणे थांबेल म्हणून गप्प राहू नये, ते थांबले तरी चालते.

बारपाशी पाणी मागून घ्यावे. मद्य घेणारच असाल तर बिल दोन गाण्यांच्या मध्ये न मागता मुख्य बँडच्या आधी चुकते करावे, म्हणजे शेवटच्या गाण्यात कार्ड घेऊन काउंटरपाशी उभे राहण्याची वेळ येत नाही.

संपल्यावर

शेवटच्या गाण्यानंतर लगेच दाराकडे धावू नये. अर्ध्या तासात बँडमधलेच कोणीतरी वायरी गुंडाळून झाल्यावर एका टेबलावर टी-शर्ट आणि स्टिकर मांडून बसते. स्ट्रीमिंगवर एकदा गाणे ऐकले जाते त्यामागे कलाकाराला मिळणारी रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत मोजावी लागते, तेव्हा एक टी-शर्ट विकत घेतल्याने बँडच्या हाती हजारो ऐकण्यांइतके पैसे पडतात. घ्यायचा नसेल तर नुसते बोलावे. ‘मस्त झाले’ यापेक्षा ‘तिसऱ्या गाण्यातला बास आवडला’ असे नेमके काही सांगितले, की समोरच्याचा चेहरा खुलतो आणि गप्पा सुरू होतात. सामान उचलत असताना मात्र त्यांना अडवू नये. अँप खरोखरच जड असतात आणि क्लबला जागा रिकामी करून हवी असते.

परतीचा विचार निघतानाच करून ठेवलेला बरा. वनाज ते रामवाडी मेट्रोमुळे कोथरूडकडच्या माणसाला बंडगार्डन किंवा कल्याणीनगरला जाणे फार सोपे झाले आहे, पण मेट्रो अकराच्या सुमारास थांबते आणि गिग तेव्हा ऐन रंगात असते. म्हणजे मेट्रो जाण्यासाठी, येण्यासाठी रिक्षा किंवा कॅब. मध्यरात्रीनंतर रिक्षाचा दर चढा असतो, आणि क्लबच्या अगदी दारात घासाघीस करण्यापेक्षा मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेल्यास गाडी लवकर मिळते. दोघे-तिघे एकाच दिशेचे असाल तर आधीच ठरवून एकत्र निघावे. मद्य घेतले असेल तर गाडीची किल्ली खिशातच ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश सापडल्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव कसे गेले, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको.

भूक लागलेली असेलच. स्टेशनच्या बाजूने जात असाल तर बुर्जी-पावाच्या गाड्या असतात, आणि गप्पा पहाटेपर्यंत लांबल्या तर नळस्टॉपचे पोहे आहेत.

घरी पोहोचल्यावर कानात बारीक शीळ घुमत असेल किंवा पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा दूरचा वाटत असेल, तर तो कानांवर ताण पडल्याचा संकेत आहे. त्या रात्री हेडफोन लावून तीच गाणी पुन्हा ऐकू नयेत आणि दुसरा दिवस शक्य तितका शांत घालवावा. शीळ बहुतेकांची एका दिवसात जाते. दोन दिवसांनंतरही ती राहिली, किंवा एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, आणि पुढच्या वेळी इअरप्लग पहिल्या गाण्याच्या आधी घालावेत.